पाहण्यासारखं

शिवडीच्या किल्ल्याला तिकीट नाही,
म्हणून लोकांना वाटतं, आत काही नसणार.
मी दारात खुर्ची टाकून असतो,
तिचे तीन पाय धड, चौथा सुतळीवर.
"आत काय आहे?"
"किल्ला."
मग ते फ्लेमिंगोंचं विचारतात.
मी खालचा चिखल दाखवतो, भरतीची वेळ सांगतो,
ते माझ्या नोकरीत बसत नाही, तरी.

जानेवारीत एक बाई चढून आल्या,
गुडघ्यांना माती, नखांत शेवाळ.
नाव विचारलं तर म्हणाल्या, आयला.
मी पुन्हा विचारलं. आयलाच.
(घरी सांगितलं तेव्हा बायको जेवताना ठसकली.)
पणजोबा इथल्या गिरणीत बॉयलरवर होते,
खाली दफनभूमीत कुठेतरी निजलेत.
सकाळपासून तीस दगड पुसले,
तीसही दुसऱ्यांचे निघाले.

पाणी दिलं. बसल्या.
मग पिशवीतून त्यांच्या गावाचं माहितीपत्रक काढलं,
चार घड्यांचं, गुळगुळीत.
वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर माझा डबा ठेवला.
किल्मोरन, स्कॉटलंड. वस्ती अडीच हजार.
आमच्या चाळींच्या एका रांगेत मावेल.

आणि पाहण्यासारखं काय, तर
छप्पर उडालेला एक किल्ला, आत मेंढ्या;
पाच कमानींचा पूल, त्यातली एक कमान
पुरात गेली, ती नंतर बांधली, दगडाचा रंग वेगळा;
बाजाराच्या चौकात एक खांब,
जिथे पूर्वी खोटं माप देणाऱ्याचा कान ठोकत;
नदीतल्या माशांना वर चढायला पायऱ्या.
माशांना पायऱ्या!
मी आमच्या तुटलेल्या जिन्याकडे पाहिलं,
अर्ज दिल्याला सहा वर्षं झाली.

शेवटच्या घडीवर म्युझियम. जुना तुरुंग, दोन खोल्या,
थंडीत सोमवारी बंद.
त्यात पणजोबांनी मुंबईहून घरी पाठवलेली
पितळी वस्तू. फोटो होता.
खाली लिहिलं होतं, पूर्वेकडील फुलदाणी.
दर ईस्टरला गावची शाळकरी मुलं
तिच्यात पिवळी फुलं ठेवतात, बाई म्हणाल्या.
मी चष्मा लावला.
रुंद ओठ, बारीक मान, बसकं पोट.
आमच्या मालकांच्या गादीशेजारी अशीच असायची,
सकाळी ती धुणं माझ्या आईचं काम.

पिकदाणी.

शब्द जिभेवर आला, तिथेच थांबला,
पान खाल्ल्यासारखा.
बाई फोटोवरून बोट फिरवत होत्या,
थडग्यावरून फिरवायचं राहिलेलं बोट.
मी म्हटलं, छान आहे. जड असते ना?
"खूप जड," त्या म्हणाल्या, खूश होऊन.

मग मी त्यांना आमचा किल्ला दाखवला,
पाच कोनांची खोली, घुमटाखालची बोळ,
आणि ती काळवंडलेली कोपऱ्यातली जागा
जिला मी अकरा वर्षं दारूगोळ्याचं कोठार म्हणतो.
मला आधीच्या चौकीदाराने सांगितलं होतं, बाबल केरकराने.
त्याला कोणी सांगितलं, देव जाणे.
बाईंनी वहीत लिहून घेतलं.
ती लिहीत असताना पहिल्यांदाच नीट पाहिलं,
काजळी फक्त खालच्या बाजूला, तीन दगडांच्या मधोमध.
चूल असेल.
कोणीतरी इथे मासे भाजले असतील,
समोर परकी गलबतं येताना दिसत असतील,
आणि कालवण उतू गेलं असेल.

मी काही बोललो नाही.
फिटंफाट, असं वाटलं.

पत्रक त्या विसरल्या, की ठेवून गेल्या.
डब्याच्या बुडाचा गोल डाग
बरोबर त्या पुलावर पडलाय, आमटीचा.
आता कोणी विचारलं, आत काय आहे,
तर मी म्हणतो, जाऊन बघा.
एखाद्याला कोपऱ्यातली जागा दाखवतो
आणि विचारतो, तुम्हाला काय वाटतं, काय असेल इथे?
बहुतेक म्हणतात, दारूगोळा.
काल एक लहान मुलगी नाक लावून म्हणाली,
बोंबील.